हंगामाबाहेरचा किनारा

आम्ही सोलापूरकर गोव्याला जातो ते नाताळात, नाहीतर मे महिन्यात. मराठी प्रवासवर्णनाने पाहिलेला किनाराही बहुधा तेवढाच. मे संपता संपता वाळूवरचे शॅक उतरतात, १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद राहते, आणि आमचा लेखक तेथेच पूर्णविराम देतो. जणू पाहुणे परतले की गावच उरत नाही! वस्तुतः २४ जूनला सांजांवच्या दिवशी डोक्यावर फुलांचे कोपेल घालून विहिरीत उड्या पडतात. २९ जूनला, संत पेत्र-पौलाच्या सणाला, कांदोळीकडे होड्या एकत्र बांधून त्यावर सांगोड रंगतो. पर्यटकाविना साजरा होणारा हा हंगाम आमच्या साहित्यात फारसा उतरलेला नाही.

जयवंत दळवींचे ‘सारे प्रवासी घडीचे’ (१९६४) आम्हांला म्हणूनच मोलाचे वाटते. वेंगुर्ल्याजवळची आरवली समुद्रापासून दूर नाही. पण दळवी देखाव्यापाशी रेंगाळत नाहीत, माणसांपाशी बसतात. शीर्षकातले प्रवासी पाहुणे नव्हेत, गावकरीच. विनोद क्वचित सैल पडतो, हे खरे.

आमच्या वाचकांपैकी कोणी जुलैत तिकडे गेलेच, तर छायाचित्रे नकोत. चार पाने लिहून पाठवावीत.