पूर्वकथा कुणी सांगायची?

विषय ‘पूर्वकथा’ म्हटल्यावर पुढच्या रांगेतल्या दोघा-चौघांना वाटलं असेल, आज कीर्तनाच्या पूर्वरंगाबद्दल ऐकायला मिळणार. बिरबलनाथ महाराजांच्या यात्रेच्या गावात तसं वाटणं साहजिक आहे. आज मात्र मी कॉमिक्सबद्दल बोलणार आहे. हसू नका, दोन्ही विषय तितके लांबचे नाहीत.

२०२०च्या लॉकडाऊनमधली गोष्ट. आमचं घराणं तेव्हा चार गावांत अडकलेलं: मंगरूळपीर, अकोला, पुणे आणि एक भाचा बंगळूरला. शहरातल्या पोरांकडे ‘नेटफ्लिक्स पार्टी’सारखी सोय होती. आम्ही साधा मार्ग काढला. रात्री नऊला सगळ्यांनी एकदम प्ले दाबायचं आणि बोलायचं व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर. सिनेमा ठरला ‘अ‍ॅव्हेंजर्स: इन्फिनिटी वॉर’. दहाव्या मिनिटाला मावशीनं लिहिलं, “हा कोन व्हय बाप्पा?” भाच्यानं उत्तर टाकलं, “मावशी, आधीचे पिक्चर बघा, प्रिल्यूड कॉमिक वाचा, मग या.” मावशी त्यानंतर काही बोलली नाही. अर्ध्या तासानं ती झोपून गेली, हे सकाळी कळलं.

मला राग भाच्याचा नाही आला. राग आला तो ‘मग या’ या दोन शब्दांचा.

ते प्रिल्यूड कॉमिक मी मुद्दाम मिळवून वाचलं. मार्व्हलनं ते २०१८ साली, सिनेमाच्या आधी काढलं. त्यात बहुतेक भाग आधीच्या सिनेमांचीच उजळणी आहे. म्हणजे पाहिलेलंच पुन्हा विकत घ्या! मावशीनं ते वाचलं असतं तर तिला नावं कळली असती, पण त्या माणसांबद्दल जीव हलला नसता.

आता आपल्या लहानपणाची इंद्रजाल कॉमिक्स आठवा. टाइम्स ऑफ इंडियाच्या कंपनीनं १९६४ साली सुरू केली, १९९०ला बंद पडली. आम्हाला ती अकोल्याहून येणाऱ्या मामाच्या पिशवीतून मिळायची, तीही मागेपुढे. अंक सलग कधी नाहीच. पण अडलं काय? वेताळाची पूर्वकथा दोन-तीन चौकटींत सांगून व्हायची: चारशे वर्षांपूर्वी चाचे, बापाचा खून, मारेकऱ्याच्या कवटीवर हात ठेवून घेतलेली शपथ. कुठलाही अंक हाती येवो, दार उघडंच असायचं.

आणि त्या पूर्वकथेत वजन होतं. शपथ एकानं घेतली, ती फेडत बसले पिढ्यानपिढ्या. आबिद सुरतींनी १९७६ साली आणलेला आपला बहादूर पाहा. त्याचा बाप डाकू, आणि तो मरतो पोलिसाच्या गोळीनं. पुढे तोच पोलीस अधिकारी पोराला वाढवतो. ज्याचा सूड घ्यायचा त्याच्याच ताटात जेवायचं! हे कळल्यावर बहादूरचं प्रत्येक साहस जड वाटायला लागतं. पुराणं काय वेगळं करतात? भीष्म म्हणजे वसिष्ठांची गाय चोरणारा, शाप मिळालेला वसू, हे कळल्यावर शरपंजरी पडलेला म्हातारा जास्तच दुखतो.

माझी कसोटी एवढीच. पूर्वकथेनं नायकाच्या डोक्यावर ओझं ठेवलं पाहिजे. आजच्या बऱ्याच प्रीक्वेल नुसता खुलासा करतात: टोपी कुठून आली, जखमेचा वण कसा पडला. हे म्हणजे तलाठ्याचा फेरफार झाला, नोंद होते आणि विषय मिटतो. ‘द किलिंग जोक’मध्ये अ‍ॅलन मूरनं हे ओळखलं होतं. १९८८ साली त्यानं जोकरचा भूतकाळ सांगितला आणि तो खरा असेलच असं नाही, हेही त्याच्याच तोंडून वदवलं.

पण सगळ्यात मोठी पूर्वकथा लिहिली ती प्रेक्षकांनी. १० जुलै २०१५ ते २८ एप्रिल २०१७, जवळजवळ बावीस महिने, कटप्पानं बाहुबलीला का मारलं यावर पानटपरीपासून लग्नाच्या पंगतीपर्यंत वाद चालले. त्या वादात उतरायला कुठलंही कॉमिक लागत नव्हतं. न्हाव्याच्या दुकानात कात्री थांबायची आणि कुणीतरी म्हणायचं, “नाही भाऊ, राणीनंच सांगितलं असंल.” ते बरोबरही निघालं! आणि उत्तर पचलं, कारण तिथंही शपथ होती, सिंहासनाला बांधलेला माणूस होता. त्यावर कादंबऱ्या निघाल्या, ग्राफिक इंडियाची कॉमिक्स, अ‍ॅनिमेशन मालिका निघाल्या. काही बऱ्या आहेत. न्हाव्याच्या दुकानातली रंगत मात्र त्यांत मला सापडली नाही.

फॅन मंडळींवर माझा रोष नाही, मी स्वतः त्यातलाच. पाठांतर हा प्रेमाचाच प्रकार आहे. पण जत्रेतल्या तंबूत सिनेमा पाहताना “हा कोण?” विचारलं की शेजारचा अनोळखी माणूस सांगायचा, थोडं चुकीचं, थोडं मीठमसाला लावून. तो ज्याला सांगायचा, तो दुसऱ्या खेळाला तिसऱ्याला सांगायचा. ग्रुपवर टाईप करताना तेवढा वेळ नाही असं पोरं म्हणतात. व्हॉइस मेसेज पाठवा की!

मागच्या दिवाळीला भाचा घरी आला होता. मावशीनं त्याला स्वयंपाकघरात गाठलं आणि विचारलं, “बरं, थो जांभळा कोन होता रे?” भाचा चकल्या तळता तळता सांगत होता. तिसऱ्या घाण्याला तो नुसता थॅनोसच्या ग्रहापर्यंत पोचला होता, आणि मावशी म्हणाली, “मग त्याच्या मायनं त्याले काई म्हटलं नाही?”

भाच्याकडे उत्तर नव्हतं.