हजारो आवाज आणि एक शांत खोली

'व्हर्च्युअल क्वायर' हा एरिक व्हिटेकर या अमेरिकन संगीतकारांचा प्रयोग. २०१० साली १२ देशांतील १८५ गायकांनी आपापल्या घरी बसून त्यांची एक रचना गायिली, चित्रफिती इंटरनेटवरून पाठविल्या आणि त्या जोडून एक वृंदगान उभे राहिले. २०२० च्या टाळेबंदीत 'सिंग जेंटली' या रचनेसाठी १२९ देशांतून १७,५७२ आवाज आले. मीही प्रथम ऐकताना दिपून गेलो. दुसऱ्यांदा ऐकताना प्रश्न पडला : हे लोक एकत्र गायिले असे कोणत्या अर्थाने म्हणायचे?

प्रयोगाची रीत पाहावी. संगीतकार कॅमेऱ्यासमोर हातवारे करून लय दाखवितो. ती चित्रफीत पाहत, कानाला हेडफोन लावून, गायकाने आपल्या वाट्याचे स्वर एकट्याने गायचे. शेजारच्याचा आवाज त्याच्या कानी पडत नाही. कोणाचा आवाज किती ठेवायचा, हे पुढे संकलकाच्या टेबलावर ठरते. प्रत्येकाचे नाते वरच्याशी. आडवे नाते कोणाचेच कोणाशी नाही. ही रचना गावगाड्यात राहिलेल्याला नवीन नाही.

एवढ्यावरून हा प्रयोग निकालात काढणे मात्र मला अन्यायाचे वाटते. येथे घराणे, गुरू, कूळ कोणी विचारीत नाही. ज्याच्या बापाची हलगी मिरवणुकीत चालली पण देवळाच्या पायरीपाशी थांबविली गेली, त्याला इतरांइतक्याच चौकटीत आपला चेहरा दिसण्याचे मोल ठाऊक असते. आमच्यातील काहींनी या साऱ्याला 'भांडवली करमणूक' म्हणून नाक मुरडले, ते मला पटत नाही.

पण हा प्रयोग गायकाकडे काय मागतो? कॅमेरा, इंटरनेट आणि शांत खोली. पहिल्या दोन गोष्टी आता वस्तीतही आल्या आहेत. तिसरी? दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसे, पलीकडे कुकरची शिट्टी, खाली नळावरचे भांडण. ती शांतता आणायची कोठून? जातीचे नाव न घेता दार कसे बंद राहते ते येथे दिसते.

माझ्या लहानपणी वस्तीत जलसा उभा राही. झीलकरी शाहिराची ओळ उचलीत, ढोलकीवाला समोरच्या बायांचे चेहरे पाहून ठेका चढवी. एखादी म्हातारी मध्येच काही बोले आणि शाहीर पुढचे कडवे बदलून टाकी. व्हिटेकर यांच्या वृंदात त्या म्हातारीला जागा नाही. गाणे आधीच ठरलेले असते.

स्टॅनफर्ड विद्यापीठात घडलेले 'जॅकट्रिप' किंवा 'जॅम्युलस' यांसारख्या साधनांनी दूर बसलेल्यांना एकाच वेळी, एकमेकांना ऐकत वाजविता येते. तेथेही अडचण आहे. आवाज पोचायला सेकंदाच्या साधारण तिसाव्या भागाहून अधिक उशीर झाला की दोघेही एकमेकांची वाट पाहू लागतात आणि लय मंदावत जाते. म्हणून दोन खंडांतील माणसांना हे सहसा साधत नाही. एका शहरातल्यांना, शेजारच्या जिल्ह्यातल्यांना साधते. या अडखळत्या लयीत मला त्या निर्दोष वृंदापेक्षा अधिक संगीत ऐकू येते, कारण तेथे एक दुसऱ्यासाठी थांबतो आहे.

आमच्या तरुण गायक-वादकांनी हे साधन हाती घ्यावे. रेकॉर्डिंगमध्ये कुकरची शिट्टी आली तर येऊ द्यावी.