ध्वनि कीं अर्थ?

लॅटिनपासून इटालियन, फ्रेंच इत्यादि रोमान्स भाषा झाल्या, तेव्हां क्रियापदांचा जो कायापालट झाला त्याचें कारण पंडित बहुधा ध्वनींत शोधतात. ‘कान्ताबित’ म्हणजे तो गाईल, ‘कान्तावित’ म्हणजे त्यानें गाइलें. बोलण्यांत ब आणि व एकरूप झाले, भेद उरला नाहीं, म्हणून जुना भविष्यकाळ मेला, असें सांगतात. युक्तिवाद सुटसुटीत खरा, पण त्यानें आमचें समाधान होत नाहीं. ‘कान्ताबो’ (मी गाईन) आणि ‘कान्तावी’ (मीं गाइलें) यांत घोटाळ्याचें भय नव्हतें. तरी तेंही रूप गेलेंच!

त्याच्या जागीं ‘कान्तारे हाबेओ’ आलें, म्हणजे ‘मला गावयाचें आहे’. हीं दोन पदें झिजून इटालियन ‘कान्तेरो’ झालें. मूळ अर्थ बंधनाचा. इ. स. ७ व्या शतकांतील, फ्रेदेगारच्या नांवावर चालणाऱ्या बखरींत पराभूत इराणी राजा ‘दाबो’ हें जुनेंच रूप योजून ‘देणार नाहीं’ म्हणतो; जस्टिनियन उत्तरतो, ‘दारास’. म्हणे त्यावरून दारास शहराचें नांव पडलें! व्युत्पत्ति अर्थातच काल्पनिक. साक्ष मात्र मोलाची. जुनें रूप अजून समजत होतें; नव्यांत ‘तुला द्यावेंच लागेल’ हा जोर होता.

ध्वनीच्या झिजेनें जुनें रूप दुबळें झालें, हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु नवें कोणतें यावें हें ती झीज ठरवीत नाहीं. रुमानियन भाषेनें तर ‘इच्छिणें’ हें क्रियापद पत्करलें. पोर्तुगालच्या शिष्ट लेखनांत ‘मी त्याला देईन’ म्हणतांना ‘त्याला’ हा शब्द आजही धातु व प्रत्यय यांच्यामध्यें बसतो. तेथें सांधा अजून उघडा दिसतो.