सरोवराचा काठ आणि प्रवासवर्णनाची दृष्टी

युरोपची प्रवासवर्णने आपल्या धार-देवासच्या मराठी घरांतून आजवर आवडीने वाचली गेली. मुलेबाळे परदेशी स्थायिक होऊ लागल्यापासून तर ती लिहिलीही जाऊ लागली आहेत. या लेखनात स्वित्झर्लंडचे प्रकरण ठरलेले, आणि त्यात जिनेव्हा अथवा झुरिक येथील सरोवरकाठचा फेरफटकाही ठरलेला. निळे पाणी, राजहंस, फुलांचे ताटवे, दूरवर हिमशिखरे आणि शेवटी एक सुस्कारा, की आपल्याकडे हे असे का नाही! वर्णन खोटे नसते. त्या काठावरून आम्हीही हिंडलो आहोत, हंसही मोजले आहेत. आमची तक्रार निराळी आहे. या लेखनात काठ असतो, पण तो बांधला कोणी हे नसते. पाणी असते, पण ते निर्मळ कसे राहिले याची विचारपूस नसते.

जिनेव्हाचे प्रसिद्ध कारंजे घ्या. त्याची १४० मीटर उंची बहुतेक लेखक नोंदवतात. परंतु त्याचा जन्म शोभेसाठी झालेला नाही. ऱ्होन नदीवरील जलशक्तिगृहातून शहरातील कारखान्यांना दाबाचे पाणी पुरविले जाई. सायंकाळी कारागीर आपापली यंत्रे बंद करीत, तेव्हा नळांतील दाब एकाएकी वाढे. तो मोकळा करण्यासाठी १८८६ मध्ये ही धार सोडण्यात आली. त्या वेळी ती जेमतेम ३० मीटर उडत असे. तिचे सौंदर्य लोकांच्या ध्यानी आले आणि १८९१ मध्ये ती सरोवरकाठी, आजच्या जागी आणली गेली. हल्लीचे रूप १९५१ चे. सेकंदाला ५०० लिटर पाणी वर जाते. दिवसभराचे काम संपवून घरी निघालेल्या कारागिरांशी या धारेचे नाते आहे, हे कळल्यावर आम्हांस तरी ती अधिक सुंदर वाटली.

झुरिकचा काठही निसर्गदत्त नव्हे. नगर अभियंता आर्नोल्ड ब्युर्क्ली याने सरोवरात भर घालून तो उभारला. काम १८८७ मध्ये पूर्ण झाले. (शासकीय सेवेत हयात गेल्यामुळे असल्या माहितीत आम्हांस अंमळ अधिक रस वाटतो, हे वाचकांनी समजून घ्यावे.) जिनेव्हाचे पाणी तर विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फॉस्फरसने बिघडले होते. सांडपाण्याच्या शुद्धीकरणाची व्यवस्था झाली, १९८६ मध्ये स्वित्झर्लंडने कपडे धुण्याच्या पावडरीतील फॉस्फेटवर बंदी घातली, तेव्हा कोठे ते सुधारू लागले. आपल्या प्रवासवर्णनांतील सुस्काऱ्यात यातले काहीच येत नाही. म्हणूनच आजकाल तलावाचे सौंदर्यीकरण म्हटले की कठडा, दिवे आणि कारंजे एवढेच डोळ्यांपुढे येते. गटार कोठे सोडले आहे हा प्रश्न मागे राहतो.

पाण्याचा काठ कसा पाहावा, याचे उत्तम उदाहरण मात्र आपल्या घरचेच आहे, आणि ते एका इंग्रजाने लिहून ठेवले आहे. ई. एम. फॉर्स्टर १९२१ मध्ये देवास थोरल्या पातीचे महाराज तुकोजीराव पवार यांचे खाजगी सचिव होते. तेथील पत्रांचे त्यांचे पुस्तक 'द हिल ऑफ देवी' १९५३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातील गोकुळाष्टमीचे वर्णन आमच्या मते पुस्तकाचा प्राण आहे. फॉर्स्टर यांना सारे उमगले असे नाही. गोंगाटाने ते वैतागतात, सजावटीला नाके मुरडतात, क्वचित त्यांच्या हसण्यात साहेबी अढीही डोकावते. ते वाचताना आपल्याला खुपते आणि खुपावेही. तथापि मातीचे गोकुळ तलावाकडे नेऊन पाण्यात सोडले जाते, त्या प्रसंगी त्यांचा तलाव देखावा उरत नाही. तो माणसांचा होतो. 'अ पॅसेज टू इंडिया' (१९२४) या कादंबरीच्या अखेरच्या भागात हाच अनुभव पुन्हा येतो. मऊ संस्थानच्या तलावात मूर्तिविसर्जन चालू असताना दोन होड्या एकमेकींवर आदळतात, आणि साहेब, मडमा, डॉक्टर अझीझ सारेच पाण्यात पडतात. काठावर उभे राहून पाहणाऱ्यालाही लेखक कोरडा राहू देत नाही. आमच्या प्रवासवर्णनकारांच्या अंगावर जिनेव्हाच्या कारंज्याचा एक तुषारही उडालेला नसतो!

देवासच्या त्या उत्सवात आपल्याच घराण्यांतील मंडळी होती. तरीही त्याचे वर्णन वाचायचे तर आपल्याला इंग्रजी पुस्तकाकडे वळावे लागते, ही गोष्ट आम्हांस सुस्काऱ्यापेक्षा गंभीर वाटते. धारचेही तेच. साडेबारा तलावांचे गाव म्हणून आपण मिरवतो, मुंज तलावाचे नाते परमार राजा वाक्पती मुंजाशी जोडतो. पण त्याच्या काठी कोण धुणे धुवीत असे, गौरी-गणपती कोठे बोळवले जात, उन्हाळ्यात पाणी कोणत्या पायरीपर्यंत उतरे, हे लिहिलेले कोठे आहे? ज्यांना ते सांगता येईल अशी मंडळी आता ऐंशीच्या पुढे आहेत, आणि त्यांच्यापैकी काहींना गेल्या दिवाळीत आम्ही जिनेव्हाची छायाचित्रे पाहताना पाहिले.