अपू त्रयी क्रमानेच पाहायची का?

‘पथेर पांचाली’ फार संथ आहे म्हणतात, मग थेट ‘अपूर संसार’ पाहिला तर चालेल का? हा प्रश्न वसतिगृहात दरवर्षी नव्याने निघतो. पेपर वाचायचे, सेटची तयारी करायची, त्यात पाच-साडेपाच तास जुन्या बंगाली चित्रपटांना कुठून देणार? प्रश्न रास्त आहे.

आधी उत्तर देऊन टाकते: क्रमानेच पाहा. पण ‘नाहीतर गोष्ट कळणार नाही’ हे त्याचं कारण नाही. गोष्ट कळते. न कळता राहतं ते वेगळंच काहीतरी, आणि संशोधनाकडे निघालेल्यांनी ते चुकवू नये असं मला वाटतं.

त्रयी आधी ठरलेली नव्हती

सत्यजित राय यांचा ‘पथेर पांचाली’ १९५५ चा, ‘अपराजितो’ १९५६ चा आणि ‘अपूर संसार’ १९५९ चा. मूळ आधार बिभूतिभूषण बंद्योपाध्याय यांच्या दोन कादंबऱ्यांचा. म्हणजे कादंबऱ्या दोन आणि चित्रपट तीन. पहिला चित्रपट करताना पुढचे दोन डोक्यात पक्के नव्हते. ‘अपराजितो’ला १९५७ मध्ये व्हेनिसला सुवर्णसिंह मिळाला, पण बंगालमध्ये तो फारसा चालला नव्हता. मग राय ‘पारश पाथर’ आणि ‘जलसाघर’कडे वळले आणि त्यानंतर पुन्हा अपूकडे आले. ‘त्रयी’ हे नाव आपण मागे वळून दिलेलं आहे.

म्हणूनच प्रत्येक चित्रपट स्वतःच्या पायावर उभा आहे. अपूची भूमिकासुद्धा वयानुसार चार वेगवेगळ्या जणांनी केली आहे, त्यामुळे चेहऱ्याची ओळखही पुढे नेता येत नाही. नुसतं कथानक समजून घ्यायचं तर कुठूनही सुरुवात करा, अडणार नाही.

आपल्याकडे याच्या जवळचं उदाहरण म्हणजे महेश एलकुंचवारांची नाटकं. ‘वाडा चिरेबंदी’ १९८५ मध्ये विजया मेहतांनी रंगभूमीवर आणलं, तेव्हा ते एकटंच नाटक होतं. पुढे ‘मग्न तळ्याकाठी’ आणि ‘युगान्त’ आली आणि १९९४ मध्ये चंद्रकांत कुलकर्णींनी ‘आविष्कार’साठी तिन्ही नाटकं सलग सादर केली. तिथे क्रम दिग्दर्शकाच्या हातात होता, प्रेक्षकाने बसून राहायचं. चित्रपट मोबाइलवर आले आणि क्रम आपल्या हातात आला. म्हणून तर हा प्रश्न पडतो.

एकच चित्रपट, दोन निकाल

आता ‘अपराजितो’ घ्या. वडील हरिहर काशीला वारतात. आई सर्वजया एका श्रीमंत घरी स्वयंपाकाला राहते. मुलगा मालकासाठी हुक्का भरताना दिसतो, तेव्हा ती त्याला घेऊन गावाकडे निघून येते. अपू भटजीपण शिकतो, पण त्याला शाळेत जायचंय. मुख्याध्यापक त्याला पुस्तकं देतात, पृथ्वीचा गोल देतात. शिष्यवृत्ती मिळते आणि तो कलकत्त्याला विज्ञान शिकायला जातो. दिवसा कॉलेज, रात्री छापखान्यात काम. साताऱ्याच्या माणसाला याचं नाव सांगायला नको: ‘कमवा आणि शिका’. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेत अशीच राबून शिकलेली कितीतरी मुलं आपल्याच घरांत आहेत.

हा चित्रपट पहिल्यांदा, एकटा पाहिलात तर तुम्ही अपूच्या बाजूचे होता. हुशार मुलगा आहे, पुढे जाऊ पाहतोय आणि आई मागे ओढतेय. सुट्टीत घरी आला की ती त्याला धरून बसते. एका रात्री ती विचारते, मी आजारी पडले तर माझं बघशील ना? तोवर त्याला झोप लागलेली असते. आपण म्हणतो, दमलाय बिचारा.

आता हाच प्रसंग ‘पथेर पांचाली’नंतर पाहा. ही बाई आपल्या ओळखीची झालेली असते. म्हाताऱ्या इंदिर ठाकरुणला घराबाहेर काढणारी, शेजारणीने टोमणे मारले की मुलीवर हात उगारणारी, आणि नवरा परगावी असताना वादळाच्या रात्री एकटीने दुर्गाला उशाशी घेऊन बसलेली. दुर्गा गेल्यानंतर हरिहर तिच्यासाठी साडी घेऊन येतो, तो आकांत आपण पाहिलेला असतो. आजारी मुलीजवळ एकटी बसलेली ती बाई आता स्वतःच्या आजारपणाबद्दल विचारतेय. तिच्या प्रश्नात दुर्गा आहे. अपूला ते ऐकू येत नाही, आपल्याला येतं.

मग निकाल द्यायला जीभ धजत नाही. अपूने जायलाच हवं होतं, हे खरं. त्याची किंमत तिने दिली, हेही खरं. आजारपण ती त्याला नीट कळूही देत नाही, झाडाखाली बसून गाडीचा आवाज ऐकत राहते. दोन्ही पाहण्यांत ‘अपराजितो’ची एकही चौकट बदललेली नाही. बदललं ते पाहणाऱ्याच्या गाठीशी असलेलं. प्रयोगशाळेच्या भाषेत सांगायचं तर नमुना तोच आहे, आधीची प्रक्रिया वेगळी.

आगगाडीचंही तसंच. पहिल्या भागात काशाच्या पांढऱ्या तुऱ्यांपलीकडून धावणारी गाडी म्हणजे नवल. (हे काश म्हणजे गवत, आपल्या कासच्या पठाराशी त्याचा संबंध नाही.) दुसऱ्यात ती ताटातूट. तिसऱ्यात खोलीला लागूनच रूळ आहेत आणि शिट्टीने कान किटतात. फक्त तिसरा पाहणाऱ्याला तो निव्वळ गोंगाट वाटेल. आणि तिसऱ्यात अपू आपल्या मुलाला, काजलला, पाच वर्षं तोंड दाखवत नाही, तेव्हा आपल्याला परगावी असलेला हरिहर आठवतो आणि कलकत्त्यात असलेला अपूही. घरातल्या पुरुषाचं लांब असणं तिसऱ्यांदा येतं आणि या वेळी तो परततो तेव्हा लेकरू जिवंत आहे. शेवटाचं सगळं बळ यात आहे.

पेपर वाचताना

एखाद्या विषयात शिरताना आपण आधी सर्वात नवा पेपर किंवा आढावा उघडतो. वेळ वाचतो, मीही तेच करते. पण आढावा वाचला की सगळं आधीपासून ठरवून झालं असं वाटायला लागतं, जसं ‘त्रयी’ या शब्दाने वाटतं. कोणती वाट सोडून दिली, कशाची किंमत मोजली, हे त्यात दिसत नाही आणि आपण नकळत जिंकलेल्या बाजूचे होतो. विषय आपला वाटला की त्यातले तीन-चार महत्त्वाचे पेपर तरी प्रसिद्ध झाले त्या क्रमाने वाचा. निष्कर्ष तेच राहतील, त्यांच्याबद्दलचं तुमचं मत कदाचित राहणार नाही.

तरीही एकच पाहायचा असेल तर

‘पथेर पांचाली’ची गती अडसर ठरते, हे मान्य. ‘अपराजितो’ही निर्दोष नाही. काशीचा भाग सुटा-सुटा वाटतो आणि कलकत्त्यातलं कॉलेज तर उरकल्यासारखं येतं, विज्ञानाचं वेड लागलेला मुलगा नेमका कशात रमतो ते फार थोडं दिसतं. त्यामुळे वगळायची वेळ आली की हाच मधला भाग वगळला जातो. निदान तुम्ही तो वगळू नका. पहिला पाहणं जमणारच नसेल तर ‘अपराजितो’ने सुरुवात करा, मग मागे जाऊन ‘पथेर पांचाली’ पाहा आणि ‘अपराजितो’ पुन्हा पाहा. खटाटोप आहे, पण पहिल्या खेपेला आपण कुणाच्या बाजूने होतो ते तेव्हा कळेल.

तिन्ही एका बैठकीत संपवू नका. मध्ये आठवडा जाऊ द्या, आधीचं थोडं विसरू द्या, कारण हे चित्रपट आठवणीवर काम करतात. १९९३ मध्ये लंडनच्या आगीत मूळ निगेटिव्ह होरपळल्यानंतर मोठ्या कष्टाने तयार केलेल्या नव्या प्रती २०१५ पासून उपलब्ध आहेत, मिळाल्या तर त्याच पाहा.

अपू एकदा स्टेशनवर जाऊन, समोर आलेली गाडी मुद्दाम सोडून घरी परततो आणि आईला सांगतो की गाडी चुकली. पदरात पडतो फक्त एक दिवस. सांगली-साताऱ्याहून रात्रीची महालक्ष्मी पकडून पुण्या-मुंबईच्या प्रयोगशाळेत जाणाऱ्यांनी तो प्रसंग क्रमानेच गाठावा.