सोवळे, संसार आणि शांती : ‘स्मृतिचित्रे’चे एक वाचन

आगमनकाळ सुरू झाला की आपल्या धर्मग्रामांत ‘तयारी’ हा शब्द वारंवार कानी पडतो. गव्हाणी सजतात, चांदण्या टांगल्या जातात, प्रायश्चित्त संस्कारासाठी रांगा लागतात. प्रवचनांतून आध्यात्मिक तयारीचे जे चित्र रेखाटले जाते ते मात्र बहुधा एकांताचे असते. शांत खोली, समोर उघडलेले पवित्र शास्त्र, मिटलेले डोळे. हे चित्र ताथवड्यात कोणत्या घरात बसवावे, असा प्रश्न मला पडतो. २००९ साली पिंपरी-चिंचवड महापालिकेत आलेले हे गाव आता उंच इमारतींनी आणि महाविद्यालयांनी भरून गेले आहे. एका अंगाला हिंजवडी, दुसऱ्या अंगाला पिंपरी-चाकणचे कारखाने. येथे पोटापाण्यासाठी आलेल्या ख्रिस्ती कुटुंबांत नवरा रात्रपाळीहून परततो, तेव्हा बायको डबा भरून बाहेर पडत असते. शांतीसाठी शांततेची अट घातली, तर या घरांच्या वाट्याला शांती यायचीच नाही.

शांतता आणि शांती हे दोन शब्द आपण एकमेकांच्या जागी सहज वापरतो. त्यांतील अंतर ज्या मराठी पुस्तकाने मला दाखवले, ते लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’ होय. १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झालेल्या या आत्मचरित्राचे कौतुक मराठी समीक्षेने उदंड केले. त्यातील निर्व्याज भाषा, विनोद आणि प्रांजळपणा यांवर पुष्कळ लिहिले गेले. त्याची आध्यात्मिक बाजू मात्र काहीशी उपेक्षित राहिली, आणि आपण कॅथलिकांनी तर ‘ते प्रॉटेस्टंटांचे पुस्तक’ म्हणून ते बरेचसे दूरच ठेवले. माझ्या मते ते प्रापंचिक माणसाच्या आध्यात्मिक तयारीचे आपल्या भाषेतील एक अस्सल पुस्तक आहे.

या दृष्टीने त्याचा आरंभ पाहण्यासारखा आहे. लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ सालचा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. वडिलांच्या अतिरेकी सोवळ्याने सारे घर गांजलेले. वाचक हा भाग हसत वाचतो, आणि लक्ष्मीबाईंचीही तशीच इच्छा दिसते. परंतु हे सोवळे म्हणजेही एक तयारीच आहे. सतत धुणे, पुसणे, विटाळ टाळणे. ती कधी संपत नाही, कारण तिच्या मुळाशी भय आहे. भयापोटी केलेली तयारी माणसाला शुद्ध ठेवील, शांत करणार नाही. पुढल्या सर्व कथनाला मला हा प्रसंग किल्लीसारखा वाटतो. आपल्यातही नोव्हेना चुकली, उपवास मोडला म्हणून धास्तावणारी मने आहेतच; सोवळे केवळ ब्राह्मणांच्या घरी असते असे नाही.

१८९५ साली नारायण वामन टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाईंचा संसार दुभंगला. ताटातुटीची ती वर्षे त्यांनी नातलगांच्या आधाराने काढली. पुढे त्या पतीकडे आल्या, तरी आपला आचार त्यांनी लगेच सोडला नाही. आधी मनातून जातिभेद गळाला. ख्रिस्ताचा स्वीकार त्यानंतर झाला. १९०० साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. या पाच वर्षांकडे चरित्रकार विरहाचा काळ म्हणून पाहतात. मी त्यांना आगमनकाळ म्हणेन. विशेष हे की या काळात त्या आपण काही तयारी करीत आहोत असे मानत नव्हत्या. त्या रडत होत्या, रागावत होत्या, विचार करीत होत्या. देवाने ती रोजची उलघाल हीच तयारी म्हणून वापरली, असे आज पुस्तक मिटताना जाणवते.

बाप्तिस्म्यानंतर तरी घरात शांतता आली काय? मुळीच नाही. टिळक तापट आणि पैशाच्या बाबतीत कमालीचे बेफिकीर. घरी पाहुण्यांचा राबता, आश्रयाला आलेली मुले; बालकवी ठोंबरेही काही काळ या घरात राहून गेले. पतिपत्नींची भांडणे लक्ष्मीबाई लपवीत नाहीत. परंतु भांडण जसे नमूद होते, तसा समेटही होतो, आणि तो बहुधा हसण्यातून. येथे आपल्या मिस्साविधीची आठवण व्हावी. प्रभूच्या प्रार्थनेनंतर आणि ख्रिस्तशरीर स्वीकारण्यापूर्वी आपण शेजाऱ्याला शांती देतो. वेदीशी आणलेले दान तेथेच ठेवून आधी भावाशी समेट करावा, ही मत्तयाच्या पाचव्या अध्यायातील शिकवणही हाच क्रम सांगते. म्हणजे शांती हे तयारीचे केवळ फळ नव्हे. शांती करणे हीच तयारी आहे.

या पुस्तकाची एक उणीवही सांगितली पाहिजे. लक्ष्मीबाई आपल्या प्रार्थनेविषयी फार थोडे बोलतात. जेथे त्या अंतर्मुख होतील असे वाटते, तेथेच पुष्कळदा एखादा विनोद वाट अडवतो. संत इग्नेशियस यांनी शिकवलेल्या दैनंदिन आत्मपरीक्षणाची ज्याला सवय आहे, त्या वाचकाला ही जागा रिकामी भासेल. साक्रामेंतांनी घडणारे जीवनही येथे शोधू नये. घरातील समेट पुरेसा आहे, मौनाची गरज नाही, असा निष्कर्ष या पुस्तकावरून काढणे चुकीचे ठरेल. दिवसाअखेर पाच मिनिटे थांबून ‘आज मी कोणाशी अबोला धरला?’ असे विचारण्याची शिस्त आपल्याला आपल्या परंपरेतूनच घ्यावी लागेल.

तरीही अखेरचा शब्द लक्ष्मीबाईंच्या पदरात टाकावासा वाटतो. टिळकांनी आरंभलेले ‘ख्रिस्तायन’ १९१९ साली त्यांच्या मृत्यूने अपुरे राहिले. त्याचे थोडेच अध्याय झाले होते. शाळेचे रीतसर शिक्षण नसलेल्या लक्ष्मीबाईंनी ते काव्य पुढे नेऊन पुरे केले. १९३६ साली त्या निवर्तल्या. हे बळ कोठल्या एकांतात साठले होते? मला वाटते, चुलीपुढे, भांडणातून समेटाकडे जाता जाता ते साठले. ताथवड्याच्या एखाद्या सदनिकेत रात्रपाळीहून आलेल्या नवऱ्याला चहा देताना कालचा राग जी स्त्री गिळत नाही, तर बोलून मिटवते, तिची नाताळची तयारी सुरू झालेली आहे. तिने हे पुस्तक वाचावे. आणि तिच्या नवऱ्यानेही.