‘झाले’ आणि ‘केले’

सारोळ्याच्या परिसरात उपासकांशी बोलताना एक वाक्य आमच्या कानी वारंवार येते : “काय करणार, आमचं कर्मच तसं.” बोलणाऱ्याने त्रिसरण-पंचशील ग्रहण केलेले असते, तरीही ‘कर्म’ हा शब्द त्याच्या तोंडी नशिबाच्याच अर्थाने येतो. बोलीची सवय म्हणून हे सोडून द्यावे, असे आम्हांस वाटत नाही.

पालीतील ‘कम्म’ म्हणजे करणे. अंगुत्तरनिकायात भगवंतांनी चेतनेलाच, म्हणजे करण्यामागील हेतूलाच, कम्म म्हटले आहे. त्याच निकायाच्या तिकनिपातात सर्व सुखदुःखाचे कारण पूर्वकृत्य मानणारे, ईश्वर मानणारे आणि कारणच नाही म्हणणारे, अशा तिघांचा प्रतिवाद आहे. तेथील आक्षेप अगदी व्यवहारी आहे : असे मानणाऱ्यापाशी ‘हे करावे, हे करू नये’ याविषयी ना ‘छन्द’ उरतो, ना ‘वायाम’. छन्द म्हणजे करण्याची इच्छा, वायाम म्हणजे प्रयत्न. मराठीत पहिला फावल्या वेळेचा विरंगुळा झाला आणि दुसरा ‘व्यायाम’ होऊन तालमीत गेला!

पंचशीलाच्या काही मराठी पुस्तिकांत ‘सिक्खापदं समादियामि’ याचा अर्थ ‘शपथ घेतो’ असा दिलेला असतो. हा अनुवाद आम्हांस सदोष वाटतो. सिक्खापद हा शिकण्याचा नियम आहे. शपथ मोडली की माणूस खचतो. शिकणारा चुकला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच शील घेतो. दारू सोडू पाहणाऱ्याच्या घरात हा फरक शब्दकोशापुरता राहत नाही.

क्रियापदांचेही तसेच. चूक ‘माझ्याकडून झाली’, वाचन ‘राहून गेले’. कर्ता कोठेच नाही. भोरहून वरंधा घाट उतरला की महाड येते. बोले यांच्या १९२३च्या ठरावानंतर तेथील नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे सर्वांस खुले केल्याचा ठराव केला. कागदावर तळे खुले ‘झाले’. अस्पृश्यांना पाणी मात्र मिळाले नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांसह लोक तळ्यावर गेले आणि पाणी प्याले.

याची दुसरी बाजूही ध्यानी घ्यावी. कर्ता लपला की अन्याय करणाराही लपतो, आणि मग पीडितालाच त्याचे ‘कर्म’ दाखविले जाते. आमच्याच एका जुन्या टिपणात ‘त्यानंतर परिषदेच्या लोकांना मारहाण झाली’ असे वाक्य आहे. मारणारा सवर्ण जमाव त्यातून निसटला आहे.